आधी स्टूल, मग बैठक

उठाबशा म्हटलं की आमच्या ओळखीच्या निम्म्या बायकांचा हात आपसूक कानाकडे जातो. शाळेत कान धरून काढलेल्या त्या उठाबशा. मी तीस वर्षं पीटी शिकवली, म्हणजे त्यातल्या काही हजार तरी माझ्या नावावर असणार. उशिरा आलेल्या मुलीला, रिबीन विसरलेल्या मुलीला "वीस काढ" म्हणायचं आणि आपण हजेरीपटाकडे वळायचं. तिचे गुडघे आत वळताहेत का, टाचा उचलल्या जाताहेत का, कोण बघतंय! त्याच मुली आता चाळिशी ओलांडून सकाळी आमच्या बडोद्याच्या कमाटीबागेत भेटतात, "टीचर, गुडघे धरतात हो," म्हणतात, आणि मी त्यांना पुन्हा तेच शिकवते. या खेपेला बघत बघत.

उठाबशा हा शब्द मात्र मी टाकून दिला. बैठक म्हणते. बैठक म्हटलं की बसणं डोळ्यांपुढे येतं, आणि शिकायचं आहे ते बसायलाच. उठणं काय, सगळ्यांना जमतं, टेबलाला रेटा देऊन, कुणाचा हात धरून, "आई गं" म्हणून. बसताना मात्र बहुतेक जण शेवटची वीतभर उंची सोडूनच देतात. धप्प. आज संध्याकाळी सोफ्यावर बसताना स्वतःकडे एकदा लक्ष द्या, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

आखाड्यातली बैठक ही नव्हे, तेही आधीच सांगते. माझे वडील दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, तिथले गुरू प्रो. माणिकराव यांचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावायचे. त्यांची बैठक मी लहानपणी घरच्या ओसरीवर पाहिली आहे. खाली जाताना टाचा उचललेल्या, सगळा भार चवड्यांवर, हात झोक्यासारखे मागे-पुढे, आणि वेग असा की मोजणाराच दमायचा. ती पैलवानाची बैठक, तिच्यामागे कितीतरी वर्षांची मेहनत असते. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये एक दगड ठेवला आहे, गामा पैलवानाने 1902 मध्ये बडोद्यात उचललेला. 1200 किलोचा म्हणतात. तो बघून स्फुरण चढलेल्या आमच्यातल्या एका गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी एका दमात पन्नास बैठका मारल्या, टाचा उचलून, झोके घेत. पुढे आठवडाभर ते बागेत फिरकले नाहीत. जिना उतरवत नव्हता म्हणे, मागे वळून उतरत होते.

आपली बैठक टाच जमिनीला चिकटवून, सावकाश, आणि पाठीमागे एक स्टूल ठेवून. अंग गरम करण्यापुरती. चालायला निघण्याआधी, सूर्यनमस्कारांच्या आधी, गरब्याच्या आधी. घोटा, गुडघा आणि खुबा हे तीन सांधे तिच्यात एकदम कामाला लागतात आणि मांड्या-कुल्ल्यांसारखे मोठे स्नायू हलतात, त्यामुळे अंग लवकर तापतं. सांध्यातलं वंगण हालचालीनेच पसरतं. सकाळी पहिल्या दोन-तीन बैठका गंजलेल्या बिजागरीसारख्या वाटतात आणि पाचवी बरी जाते, ते यामुळेच. आणि मला तर त्या पहिल्या पाचांतच आज अंग काय म्हणतंय ते कळतं. रात्री मांडी घालून दोन तास भजनाला बसले असेन तर उजवा खुबा लगेच चहाडी करतो.

स्टूल कसलं घ्यायचं? जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीइतकं उंच, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर. गुडघे कुरकुरणारे असतील तर त्यावर सतरंजीची किंवा रजईची घडी ठेवून चार-पाच बोटं उंची वाढवा. पहिल्या दिवशी उंच बसलात म्हणून कुणी नापास करणार नाही. प्लास्टिकचं स्टूल टाइल्सवर घसरतं, ते भिंतीला टेकवून ठेवायचं. मी माझं स्टूल स्कूटरच्या पायाशी आडवं टाकून बागेत नेते. वॉचमनला वाटायचं मी काहीतरी विकायला येते.

थेट बैठकांवर जायचं नाही. आधी दोन-तीन मिनिटं जागच्या जागी कदमताल, हात हलवत, गुडघे जमतील तेवढे वर. मग एका हाताने भिंतीला धरून प्रत्येक घोटा पाच वेळा गोल फिरवायचा, कंबरही तशीच. पाय ताणून तीस-चाळीस आकडे धरून ठेवायचे प्रकार आत्ता नकोत. ते सगळं झाल्यावर, घरी जाण्याआधी.

आता उभं राहणं. स्टुलाकडे पाठ, अंतर साधारण वीतभर. दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर. चवडे किंचित बाहेर. हे किंचित म्हणजे किती, यावर माझा बराच वेळ जायचा, शेवटी बागेतल्या फुलांच्या घड्याळाने सोडवलं. दहा वाजून दहा मिनिटं नकोत, अकरा वाजून पाच मिनिटं हवीत. काहींना त्याहूनही थोडं कमी बरं वाटतं, खुब्याची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते. चप्पल काढा. अनवाणी किंवा सपाट तळव्याचे बूट. मग तळपायाकडे लक्ष द्या, अंगठ्याच्या मुळाशी एक, करंगळीच्या मुळाशी एक आणि टाच, अशा तीन जागा जमिनीला टेकलेल्या हव्यात. तिपाईचे तीन पाय समजा. बैठक संपेपर्यंत यातला एकही पाय उचलला जाता कामा नये.

हात पुढे, छातीच्या उंचीला, आरतीचं तबक धरल्यासारखे. ही उपमा मी उगाच देत नाही. तबकात निरांजन लावलेलं आहे असं धरलं की छाती आपोआप समोर राहते आणि पाठीला पोक येत नाही. तबक कलंडलं की समजायचं, पाठ वाकली. नजर पायांकडे नको, दोन-तीन मीटर पुढे जमिनीवर.

खाली जाताना पहिली हालचाल गुडघ्यांची करायची नाही. खुब्यांची करायची. हातात गरम पातेलं आहे आणि मागचं दार कुल्ल्यांनी लोटायचंय, तशी. कुल्ले मागे जातात, त्यांच्यामागोमाग गुडघे वाकतात, अंग थोडं पुढे झुकतं. झुकू दे. काठीसारखं ताठ राहून खाली जायचा प्रयत्न केलात तर मागे पडाल. झुकणं खुब्यातून हवं, कंबरेतून नको, एवढंच.

वेग. इथे सगळ्यांची गाडी घसरते, म्हणून मी गणपतीला मदतीला घेतलं. खाली जाताना मनातल्या मनात 'गण-पती-बाप्पा', तीन ठेके, नाकाने श्वास आत. वर येताना मोठ्याने 'मोरया'. मोठ्याने म्हणायचं कारण भक्ती नव्हे. तोंडाने बोलताना श्वास कोंडून ठेवता येत नाही, आणि जोर लावताना श्वास कोंडायची खोड बहुतेकांना असते. रक्तदाब असणाऱ्यांना ती चांगली नाही. आमच्या घोळक्यात निम्म्या गुजराती आहेत, त्यांनाही हे चटकन जमलं. बडोद्यात गणपती कुणाला परका आहे! फक्त बागेत इतर लोक चमकून बघतात. बघू देत.

स्टुलाला टेकणं ही सगळ्यात अवघड जागा. स्टुलावर ओले पापड वाळत घातलेत, ते मोडायचे नाहीत, असं धरा. कुल्ले पापडाला लागले की परत. वजन टाकायचं नाही, उसंत घ्यायची नाही, आणि आपटून उसळी तर मुळीच नाही. पहिले तीन-चार दिवस जमत नसेल तर खुशाल बसा, एक श्वास घ्या, मग उठा. पण बसतानाचा आवाज ऐका. धप्प ऐकू आलं तर रजईची आणखी एक घडी घाला. खाली किती जायचं हे स्टूल ठरवेल, शेजारीण नव्हे.

वर येताना तळपायांनी जमीन खाली दाबा. छाती आणि कुल्ले एकदम वर यायला हवेत. आधी कुल्लेच वर आले आणि डोकं मागाहून, तर सगळा ताण कंबरेवर जातो; तबक पुन्हा आठवा. वर पोचल्यावर गुडघे झटक्याने मागे ताठ करू नका. कुल्ले आवळले की पुरे.

आता गुडघ्यांचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी स्वतःची इथेच फजिती झाली. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मोबाइलवर माझं चित्रण केलं, इतरांना दाखवायला म्हणून. मी ऐटीत दहा बैठका काढल्या. मग बघितलं तर काय, माझाच उजवा गुडघा वर येताना प्रत्येक वेळी आत वळत होता, अंगठ्याच्याही आतल्या बाजूला. तीस वर्षं शिट्टी गळ्यात घालून फिरलेली मी, आणि आरशात कधी स्वतःला पाहिलं नव्हतं. ती पोरगी हसू दाबत म्हणाली, "टीचर, कान धरा."

गुडघा आत वळतो तो सहसा वर येताना, दमल्यावर, शेवटच्या दोन-तीन बैठकांत. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आळशी पडलेले असतात किंवा तळपायाची कमान आत कलते, मग गुडघाही तिच्यामागे जातो. एखाद्या वेळी गेला म्हणून आकाश कोसळत नाही, पण तीच सवय घेऊन तीन तास गरबा खेळायचा म्हणजे गुडघ्याचे हाल. उपाय सोपा आहे. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जायला हवी, खाली जाताना आणि वर येतानाही. ते लक्षात राहत नसेल तर जुनी ओढणी गुडघ्यांच्या जरा वर दोन्ही मांड्यांभोवती बांधा, पाय खांद्यांइतके फाकवल्यावर जेमतेम ताठ होईल इतकी. बैठक काढताना ओढणी ढिली पडली की गुडघे आत आले. मला आठ-दहा दिवस ओढणी लागली.

दुसरी गोष्ट, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये असं मी स्वतः वर्षानुवर्षं सांगत आले. ते काही खरं नाही. जिना उतरताना तो रोजच पुढे जातो. मांडीचं हाड लांब असेल तर बैठकीतही जाणारच. तो हट्टाने मागे ठेवला तर माणूस कंबरेतून फार पुढे वाकतो आणि भार तिकडे जातो. टाच जमिनीवर आहे आणि दुखत नाही, एवढं बघा.

टाच जमिनीवर राहत नसेल तर मात्र थांबा. आमची एक गुजराती शेजारीण पहिल्या दिवसापासून "मासी, ढींचण दुखे छे" म्हणून बसून राहायची. ढींचण म्हणजे गुडघा. मी गुडघ्याकडे बघत राहिले आणि दोष निघाला घोट्यात. तुम्हीही बघा. भिंतीकडे तोंड करा, एक पाऊल भिंतीपासून अर्धी वीत, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर मागे ठेवा, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा प्रयत्न करा. लागला तर घोटा मोकळा आहे. नाही लागला तर तो आखडलेला आहे, आणि बैठकीत टाच उचलून किंवा गुडघा आत वळवून शरीर त्यातून वाट काढतं. तिचा गुडघा भिंतीपासून तीन बोटं लांब राहिला. मग टाचांखाली टॉवेलची घट्ट घडी दिली, स्टूल उंच केलं, आणि रोज त्याच भिंतीशी प्रत्येक पायाने दहा वेळा गुडघा पुढे न्यायला सांगितला, हळूहळू, टाच दाबून. दीडेक महिन्याने टॉवेल निघाला. आता तीच नव्यांना भिंतीशी उभं करते, आणि माझ्यापेक्षा कडक आहे.

गुडघ्यातून कटकट आवाज येतो पण दुखत नाही, सूज नाही, तर काळजीचं सहसा काही नसतं. मांड्या भरून येणं, दुसऱ्या दिवशी जिना चढताना जाणवणं, हेही नेहमीचं. पण सांध्याच्या आत टोचल्यासारखी कळ आली, गुडघा अडकला, तर त्या दिवशी बैठक बंद. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप लागून बोलता येईना, तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं, लाजायचं नाही. गुडघा बदललेला असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, दिवस गेलेले असतील, तर सुरू करण्याआधीच विचारा.

किती काढायच्या? पहिला आठवडा पाच, मग मिनिटभर फिरायचं, पुन्हा पाच. दुसऱ्या आठवड्यात आठ-आठ. मग दहा-दहा, आणि तिथेच थांबायचं. कदमतालासकट सात-आठ मिनिटांत आटपतं. अंग हलकं घामेजलं, बोलताना धाप लागत नाही, मनाला पुढचा व्यायाम करावासा वाटतोय, इतपत गरम झालं की झालं. मांड्या थरथरायला लागल्या तर तुम्ही गरम करण्यापलीकडे गेलात. मधल्या त्या मिनिटभरात आमच्याकडे हटकून गप्पा सुरू होतात. कुणी विश्वामित्रीच्या पुलावरून मगर दिसल्याची बातमी आणली तर सगळी रांगच तिकडे धावते, आणि परत येईपर्यंत अंग थंड. मग पुन्हा कदमतालापासून. मगर रोज दिसत नाही, मीही रागावत नाही.

स्टूल कधी सोडायचं, हा प्रश्न प्रत्येक जण दुसऱ्याच आठवड्यात विचारतो. दहाच्या दहा बैठकांत पापड मोडला नाही, तिपाई हलली नाही, ओढणी ढिली पडली नाही, आणि हे सलग आठवडाभर झालं, की रजईची एक घडी कमी करा. मग स्टुलाच्या जागी बुटका मुढा. मग मुढाही नको. यात दोन महिने जातात, कुणाला चार. माझ्या आजीला यातलं काहीच लागलं नसतं. ती पाटावरून जेवून हात न टेकता उठायची. आपण खुर्च्या घेतल्या आणि ते विसरलो.

एक दिवस बाजूने आणि एक दिवस समोरून स्वतःचं चित्रण करून बघा. बाजूने टाच आणि पाठ दिसते, समोरून गुडघे. आरशाच्या भरवशावर राहू नका, आरशात बघायला मान वळली की पाठही वळते.

ज्यांना फक्त नवरात्रापुरतं हवं आहे, आणि बडोद्यात अशा निम्म्या असतात, त्यांनी गणपती बसले की सुरुवात करावी. तिथून घटस्थापनेपर्यंत साधारण सव्वीस-सत्तावीस दिवस मिळतात, वर सांगितलेल्या दहा-दहांवर यायला तेवढे पुरतात. घटस्थापनेच्या दुपारी जागं होऊन उपयोग नाही. आमच्या मराठी बायकांचं तर दुहेरी असतं, संध्याकाळी भोंडला आणि रात्री गरबा. भोंडल्याला बैठका लागत नाहीत, खिरापत ओळखायला डोकं लागतं. गरब्यात अर्ध्यात वाकून गिरक्या आणि टाळ्या, तासन् तास, तेही जेवण झाल्यावर आणि बऱ्याचदा घरून गाडीत अर्धा तास बसून आल्यावर. म्हणजे अंग थंडच. तेव्हा मैदानात शिरण्याआधी पार्किंगच्या कडेला दोन मिनिटं कदमताल आणि दहा बैठका, मोरयासकट. चनियाचोळीच्या घेरात स्वतःचे गुडघे दिसत नाहीत, म्हणून मैत्रिणीला समोर उभं करा आणि घेर दोन्ही हातांनी जरा वर धरा. तबक त्या दिवशी माफ. तिथे स्टूल नसतं, तेव्हा अर्ध्यापर्यंतच खाली जायचं. मात्र कुणाच्या उभ्या स्कूटरच्या सीटचा स्टूल करायला जाऊ नका. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीने केला, तिसऱ्या बैठकीला अलार्म वाजायला लागला, आणि मालक सापडेपर्यंत आम्ही सातजणी तिथेच उभ्या.